गारव्याचे पेटंट आणि ‘उघड’ या शब्दाचे माप

पुदिन्याची वडी जिभेवर ठेवताच गार वाटते. परंतु जिभेचे तापमान काही उतरत नाही. थंडीची वर्दी देणाऱ्या मज्जातंतूंतील एका ग्राहीस मेंथॉल चाळविते आणि मेंदूची फसगत होते. हा ग्राही २००२ साली ओळखला गेला. मात्र मेंथॉल वाढविले की कडवटपणाही वाढतो. म्हणून १९७० नंतरच्या दशकात विल्किन्सन स्वोर्ड या ब्रिटिश कंपनीने (होय, दाढीच्या पात्यांचीच ती!) शेकडो शीतकारी संयुगे तपासून पाहिली. डब्ल्यू. एस. ३ आणि डब्ल्यू. एस. २३ ही त्यांपैकीच.

पुढे कॅडबरीने च्यूइंग गममध्ये मेंथॉल व डब्ल्यू. एस. ३ यांची जोडी घालण्याचे पेटंट घेतले आणि रिग्लीने मेंथॉल व डब्ल्यू. एस. २३ यांचे. दोघांनीही एकमेकांवर अतिक्रमणाचा आरोप केला. २०१२ साली अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाने दोघांनाही रिक्त हस्ते परत पाठविले. रिग्लीचा दावा नवा नाही, शिवाय तो उघड आहे, असे बहुमताने ठरले.

येथे भाषांतरकाराची लेखणी अडते. कायद्यातील ‘उघड’ म्हणजे सर्वांना दिसणारे नव्हे. त्या विषयाच्या एका कल्पित, मध्यम बुद्धीच्या जाणकारास सहज सुचेल असे. हा गृहस्थ पूर्वीचे सारे साहित्य वाचून बसलेला असतो, पण प्रतिभा मात्र त्याला बिलकूल नसते. न्यायमूर्ती न्यूमन यांनी आपल्या भिन्न मतात आक्षेप घेतला की जुन्या पेटंटांतील द्रव्यांच्या लांबलचक याद्यांतून नेमकी हीच जोडी उचलणे, हे उत्तर ठाऊक झाल्यावरच सोपे वाटते. हा इशारा मोलाचा आहे. कोडे सुटल्यावर कोणास ते अवघड वाटते?

तरीही मला बहुमत पटते. दोन्ही द्रव्ये गारवा देतात हे छापून आलेले होते. मेंथॉलला अशा द्रव्याची जोड देणेही नवे नव्हते. अशा वेळी संशोधकाने दाखवावयाचे ते एवढेच, की जोडीने काही अनपेक्षित घडते. गमचा खप मोठा झाला, हा पुरावा तेथे अपुरा पडतो. खप वेष्टनाने वाढतो, जाहिरातीने वाढतो. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यातील कलम ३(ई) हेच विचारते : घटकांच्या गुणांची केवळ बेरीज करणारे मिश्रण शोध ठरत नाही.

कॅडबरीची बाजू तर अधिकच विलक्षण. डब्ल्यू. एस. २३ हे आमच्या द्रव्याशी समतुल्यच आहे, असा तिचा युक्तिवाद. पण तिच्या दाव्याचे शब्द मेंथॉलसारखी कड्याची रचना असलेल्या संयुगांपुरते लिहिलेले, डब्ल्यू. एस. २३ मध्ये ते कडेच नाही. ज्या शब्दांचे कुंपण तिने स्वतःच घातले होते, त्याच्या बाहेरची जमीन न्यायालयाने तिला दिली नाही.