कात्री कोणाच्या हाती?

मागावर बसणाऱ्याला कापडाचा भाव कोणी विचारीत नाही. तो पेढीवर ठरतो. शहापूर-वडगावच्या विणकराला हे नव्याने सांगावयास नको. परंतु सबंध राष्ट्राचीच गत त्या विणकरासारखी झाली म्हणजे काय होते, हे पाहावयाचे असेल तर बांगलादेशाकडे दृष्टी वळवावी.

१९७४ साली श्रीमंत राष्ट्रांनी आपल्या गिरण्या वाचविण्यासाठी बहुतंतू करार घडवून आणला आणि कोणत्या देशाने किती कपडा पाठवावा याचे कोटे बांधले. कोटे आड येऊ लागताच दक्षिण कोरियाच्या व्यापाऱ्यांनी बिनकोट्याचा देश शोधला. १९७९ साली चितगावच्या एका कंपनीची सुमारे १३० माणसे कोरियात शिवण शिकून आली. त्यातून वाढलेल्या धंद्यावर आज त्या देशाची चार-पंचमांशाहून अधिक निर्यात उभी आहे. पण ही कृपा टिकली किती? १९८५ साली अमेरिकेने बांगलादेशालाही कोट्याच्या कुंपणात घातले!

२००५ च्या आरंभी कोटे गेले. धंदा बुडाला नाही. युरोपने २००१ पासून अल्पविकसित देशांना दिलेली जकातमाफी आणि स्वस्त मजुरी यांनी तो तारला. त्या स्वस्ताईचे मोल २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळील राणा प्लाझाच्या ढिगाऱ्याखाली अकराशेंहून अधिक जिवांनी चुकविले.

आणि देश सुधारला, हाच आता त्याचा अपराध ठरतो. २०२१ साली संयुक्त राष्ट्रांनी त्याला अल्पविकसितांच्या यादीतून वगळण्यासाठी २४ नोव्हेंबर २०२६ ही तारीख नेमली. युरोपने त्यापुढे तीन वर्षांची मुदत देऊ केली. नंतर नवी सवलत न साधल्यास बारा टक्क्यांपर्यंत जकात पडेल. सवलत साधली, तरी नुसते शिवून भागणार नाही. कापडही देशातच तयार व्हावे, अशी अट आड येईल. विणीच्या कपड्यांना ती जड नाही. परंतु शर्ट-पाटलोणींचे कापड पुष्कळसे चीन व भारतातून येते.

नियमच नकोत, असे आमचे म्हणणे नाही. नियमांवाचून व्यापार म्हणजे बळी तो कान पिळी. आमचा प्रश्न एवढाच की, ज्याच्या पोटावर नियमाची कात्री चालते, त्याला तो करताना विचारले जाते काय? १ नोव्हेंबर १९५६ रोजी आमच्या माथी सीमा मारली गेली, तेव्हा आम्हांलाही कोणी विचारले नव्हते. म्हणूनच ढाक्याच्या शिवणकामगाराचे दुःख आम्हांस परके वाटत नाही. सवलत ही दान असते, आणि देणारा दान केव्हाही परत घेऊ शकतो. हक्काचे तसे नाही. तो झगडूनच मिळवावा लागतो.