शोमरोनी आणि मुळशी

नाताळ आला की देवावर आणि शेजाऱ्यावर प्रेम करण्याची येशूची शिकवण सगळ्यांनाच आवडू लागते. व्यासपीठावरचे पाहुणे तिचा अर्थ ‘गोड बोला’ एवढाच लावतात आणि केक कापतात. ही शिकवण इतकी स्वस्त नाही. शेजारप्रेमाची आज्ञा येशूने घेतली लेवीय ग्रंथाच्या १९व्या अध्यायातून. त्या अध्यायात तिच्या आजूबाजूला काय आहे? शेताच्या कडेचे पीक कापू नका, ते गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्या. मजुराची मजुरी सकाळपर्यंत अडकवू नका. मापात पाप करू नका. सगळा व्यवहार जमिनीचा, मजुरीचा आणि तराजूचा.

जमिनीच्या अशाच प्रश्नावर १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे जिल्ह्यातल्या मुळशीत सत्याग्रह सुरू झाला. टाटांच्या वीज कंपनीच्या धरणाखाली भातखाचरे जाणार होती. सत्याग्रहाचे नेते बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी इथेच मिळाली. त्याच काळात जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, केडगावात, पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणत होत्या. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. या दोन गोष्टींची सांगड मी माझ्या जबाबदारीवर घालतो; दोन्हीकडे प्रश्न पोट चालवण्याच्या साधनाचा होता. दुष्काळातून आणलेल्या मुलींना रमाबाईंनी नुसते जेवू घातले नाही. त्यांना शाळा दिली, छापखाना दिला, हाताला काम दिले.

येशूच्या दृष्टान्तात वाटेवर जखमी पडलेल्या माणसाला मदत करणारा परका, शोमरोनी, तोही मलमपट्टी करून निघून गेला नाही. उतारशाळेच्या मालकाच्या हातावर त्याने दोन दिवसांच्या मजुरीइतके पैसे ठेवले आणि वर लागतील ते परतीच्या वाटेवर देईन म्हणाला. मुळशीचे पाणी घाट उतरून भिऱ्याला जाते, तिथे वीज होते, दिवे मुंबईत लागतात. परतीच्या वाटेवरचा हिशोब मात्र कुणी काढत नाही. धरणग्रस्तांची नातवंडे ज्या तालुक्यात राहतात तिथे आता शनिवार-रविवारचे बंगले आहेत आणि कुंपणाबाहेर कातकरीवाड्या. बंगलेवाल्यांत ख्रिस्ती असतील, हिंदू असतील. हा हिशोबाचा मुद्दा दोघांनाही लागू आहे.

पुण्याची एखादी ख्रिस्ती मंडळी मुळशी तालुक्यात पौडच्या पुढे प्रार्थना-शिबिर घेणार असेल, तर माझी सूचना साधी आहे. जागा ठरवताना मालकाला विचारा: माळ्याचा, स्वयंपाकिणीचा पगार वेळेवर होतो का? कुंपण घातले तेव्हा वाडीची पाण्याकडे जाणारी पायवाट उघडी ठेवली का? उत्तर ‘नाही’ असेल तर दुसरी जागा बघा, आणि का बघितली ते मालकाला सांगा.