उगाळावा तितका काळाच?

कोळशानं चित्रं काढणाऱ्या प्रभाकर पाचपुते यांचा विषय मी आमच्या निरगुडसर गावात काढला, की तीन आक्षेप ठरलेले. भिंतीवर कोळसा तर पोरंही ओढतात, यात कला कसली? दुसरा : हा लाकडी कोळसा, खाणीतल्या दगडी कोळशाशी त्याचा काय संबंध? तिसरा : बोलायचं कोळशावर आणि प्रदर्शनातले दिवे लावायचे त्याच्याच विजेवर!

पहिला आक्षेप चित्र न पाहता घेतलेला. पाचपुते 1986 साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीत जन्मले. घरातल्या पिढ्या खाणीत राबलेल्या. त्यांच्या चित्रांत माणसाच्या धडावर डोक्याऐवजी कधी दिवा, कधी अवजार येतं. पाळीवर उतरलेल्या कामगाराचं खाणीला तेवढंच लागतं, हे पोरखेळात कळत नाही.

दुसरा आक्षेप शब्दशः खरा. चारकोल म्हणजे हवा कोंडून जाळलेलं लाकूडच. पण दगडी कोळसा तरी काय? कोट्यवधी वर्षं गाडलेलं रानच ना? मराठीनं दोघांना एकच नाव दिलंय, ते उगाच नाही.

तिसऱ्यात तथ्य आहे, आणि तो माझ्यावरही उलटतो. माझाही ऊस विजेच्या मोटारीच्याच पाण्यावर. पण पाचपुते कोळशाला शिव्या देत नाहीत. ज्या खाणीनं भाकरी दिली तिनंच शेतं गिळली, ही निरगाठ ते दाखवतात. दुटप्पीपणा लपवणारा वेगळा, तो भिंतीवर मांडणारा वेगळा. 2021 मध्ये वेल्सचं आर्टेस मुंडी पारितोषिक सहा कलावंतांना मिळून दिलं गेलं, त्यांत पाचपुते होते. खाणींवर जगलेल्या वेल्सला ही भाषा कळली. घोड नदीकाठच्या आपल्याला का कळू नये?

रात्रपाळीची थ्री फेज आली, की मी उसाच्या कडेला उभा राहून आधी बिबट्याचा कानोसा घेतो, मग स्टार्टरचं हिरवं बटण दाबतो. मोटार घुरघुरते. ग्रीडमधली वीज कुठल्या खाणीची, हे सांगता येत नाही. पण राज्याच्या विजेचा मोठा वाटा कोळशाचा, आणि एकट्या चंद्रपूरचं केंद्र 2920 मेगावॉटचं. म्हणून कोळसा उगाळायलाच हवा. काळाच निघेल, पण त्या काळ्यात माणूस दिसतो. कपाळाला दिवा बांधून अंधारात उतरलेला. बटण दाबताना माझ्याही कपाळाला बॅटरीच असते.