गाडी नावावर, पण मुदत इकाम्याची

आखाती देशातून सुटीवर आलेल्या माणसाला आमच्याकडे तीन प्रश्न ठरलेले असतात. पगार किती? उमरे किती केले? आणि गाडी घेतली का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे माणूस हसून टाळू शकतो. तिसऱ्याचे उत्तर मात्र मोबाइलमधला फोटो दाखवून द्यावे लागते. फोटो नसेल तर शहागडपासून गेवराई-अंबडपर्यंतच्या सगळ्या नातेवाइकांत एकच अर्थ निघतो, की पोराचे तिकडे काही खरे नाही.

हा तिसरा प्रश्न चुकीचा आहे, असे माझे मत आहे. मी नऊ वर्षे रियाधमध्ये नोकरी केली, त्यातली सात वर्षे स्वतःच्या नावावरची गाडी चालवली. त्या अनुभवावरून सांगतो, परक्या मुलुखात गाडी असणे ही मिरवण्याची गोष्ट नाही. ती निभावण्याची गोष्ट आहे. आणि घरच्यांनी विचारायचेच असेल, तर ‘गाडी कुणाच्या नावावर आहे, विमा कसला आहे आणि इकामा कधी संपतो’ एवढे विचारावे.

आधी गरजेचे बोलू. रियाधसारख्या शहरात उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. घर एका टोकाला, ऑफिस दुसऱ्या टोकाला, मुलांची भारतीय शाळा तिसरीकडेच. रियाधची मेट्रो सुरू झाली ती थेट १ डिसेंबर २०२४ला. तोवर पगारदार माणसाला बिनगाडीचे राहायचे म्हणजे कंपनीच्या बसवर, टॅक्सीवर किंवा शेजाऱ्याच्या मेहेरबानीवर राहायचे. बायकोमुले सोबत असतील तर तेही जमत नाही. म्हणून जुनी कॅमरी किंवा कोरोला घेतली जाते. आपल्याकडे शेतकऱ्याने मोटारसायकल घ्यावी तशी ती घेतात. तिच्यात श्रीमंती शोधू नये.

आता मालकीकडे येऊ. सौदीत परदेशी माणसाचे सगळे अस्तित्व इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, टांगलेले असते. लायसन्स त्याच क्रमांकावर, गाडीची नोंदणी म्हणजे ‘इस्तिमारा’ त्याच क्रमांकावर, दंडही त्याच क्रमांकावर. कायमचे परत यायचे, म्हणजे ‘फायनल एक्झिट’ घ्यायचे, तर त्याआधी वाहतुकीचा दंड शून्य हवा आणि नावावर एकही गाडी नको. पाच-सहा वर्षे जपलेली गाडी शेवटच्या पंधरवड्यात येईल त्या किमतीला विकावी लागते आणि घेणाऱ्यालाही ते पक्के ठाऊक असते. ती सोबत आणावी म्हटले, तर भारतात जुनी गाडी आणायला ती तीन वर्षांच्या आतली आणि उजव्या हाताला स्टेअरिंग असलेली हवी. तिकडच्या गाड्यांचे स्टेअरिंग डावीकडे. म्हणजे दार तिथेच बंद. आपण जिला ‘आमच्या पोराची गाडी’ म्हणतो ती नावावर असली, तरी तिची मुदत इकाम्याएवढीच असते.

हप्त्यावर घेतली असेल तर नावावरही नसते. तिकडच्या बहुतेक बँका ‘इजारा’ पद्धतीने गाडी देतात. बँक गाडी विकत घेते, तुम्हाला भाड्याने देते आणि शेवटचा हप्ता फिटला की मालकी तुमच्याकडे देते. व्याज टाळण्यासाठी ही रचना केलेली आहे आणि व्याजाला हराम मानणाऱ्या माणसाला तिचा आधार वाटतो. पण त्या चार-पाच वर्षांत इस्तिमाऱ्यावर मालक म्हणून बँकेचे नाव असते आणि तुम्ही फक्त वापरणारे. मधेच नोकरी गेली तर गाडी जाते, भरलेले भाडेही गेलेले असते. हप्ता ठरवण्याआधी नोकरीचा करार किती वर्षांचा आहे ते पाहावे, हे साधे गणित घाईत राहून जाते.

कुवेतची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. तिथे परदेशी माणसाला लायसन्ससाठी पदवी, ठरावीक पगार आणि काही काळाचे वास्तव्य अशा अटी वर्षानुवर्षे आहेत. पगाराची अट ६०० दिनारची. काही व्यवसायांना सूट असते. ड्रायव्हरच्या व्हिसावर गेलेल्याला लायसन्स मिळते, पण ते दुसऱ्याची गाडी चालवण्यासाठी. म्हणजे परक्याने गाडी चालवावी की नाही हे त्याचे ड्रायव्हिंग ठरवत नाही, त्याची पगारपावती ठरवते. मला हा नियम अन्यायाचा वाटतो. रस्त्यांवरची गर्दी कमी करायची म्हणून गरीब परदेश्याला रस्त्यावरून बाजूला काढणे हा न्याय नव्हे, मग तो देश कुणाचाही असो.

इथे ‘हाऊस ड्रायव्हर’ म्हणून जाणाऱ्या मराठवाड्यातल्या पोरांबद्दलही बोलले पाहिजे. त्यांच्या फोटोत जी पांढरी लँडक्रूझर दिसते ती कफीलची असते. घरकामगार आणि खासगी ड्रायव्हर सौदीच्या कामगार कायद्याच्या कक्षेतच येत नाहीत, त्यांच्यासाठी वेगळी नियमावली आहे. २०२१च्या मार्चपासून खासगी कंपन्यांतल्या कामगारांना नोकरी बदलण्याची जी मोकळीक मिळाली, तीही या ड्रायव्हरांना लागू झाली नाही. मुले शाळेत सोडायची, बाजार करायचा, मालकाची आई दवाखान्यात न्यायची आणि रात्री बाराला फोन आला तरी उठायचे. त्या फोटोवरून गावात सोयरीक जमते, हुंड्याचे आकडे ठरतात. पोराच्या चुकीपेक्षा आपल्या डोळ्यांची चूक यात मोठी आहे.

देखभालीचा खर्च फोटोत दिसत नाही. नवी खासगी गाडी पहिली तीन वर्षे सुटते, त्यानंतर दरवर्षी ‘फहस’, म्हणजे तांत्रिक तपासणी. ब्रेक, धूर, दिवे, टायर सगळे मशीनवर पाहतात. नापास झाली की दुरुस्त करून परत रांगेत. मग जुम्म्याच्या सुटीत ‘सनाइया’ गाठायची. सनाइया म्हणजे शहराबाहेरची गॅरेजांची वसाहत. तिथे मेकॅनिक पेशावरचा, इलेक्ट्रिशियन मलबारचा, डेंटिंगवाला येमेनचा आणि सगळ्यांची मिळून एक भाषा, मोडकी अरबी आणि मोडकी उर्दू. नवा पार्ट परवडत नसेल तर ‘तश्लीह’, म्हणजे मोडीत निघालेल्या गाड्यांचे मैदान. आपल्या जुना बाजारासारखेच, फक्त मैलभर पसरलेले. उष्णतेने बॅटरी दोन-अडीच वर्षांत मान टाकते. टायरची नक्षी शाबूत दिसते, पण रबर आतून मेलेले असते. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २३१९ असेल तर तो २०१९च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. हे वाचायला मला सनाइयातल्या एका पठाण चाचांनी शिकवले. शहागडात किती जण टायर घेताना हे आकडे वाचतात, असे विचारले तर उत्तर फारसे सुखाचे मिळणार नाही.

वर महागाई. २०१५च्या अखेरीपर्यंत सौदीत ९१ ऑक्टेन पेट्रोल ४५ हलाला लिटर होते, म्हणजे अर्ध्या रियालपेक्षा कमी. जानेवारी २०१८मध्ये ते १ रियाल ३७ हलाला झाले. त्याच महिन्यात ५ टक्के व्हॅट आला, तो जुलै २०२०मध्ये १५ टक्के झाला. जुलै २०१७पासून कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे महिना १०० रियाल फी लागली आणि २०२०पर्यंत ती ४०० झाली. चार जणांचे कुटुंब असलेल्याने काय करावे? त्या काळात आमच्या इमारतीतून कितीतरी कुटुंबे गावी परतली. कुटुंब गेले की गाडी विकायची आणि खोलीत चौघांत राहायला जायचे, असा क्रम होता. तेव्हाही गावाकडून विचारणा तीच, नवीन कोणती घेतली?

सगळ्यात गंभीर भाग अपघाताचा. आपल्याकडे गाडी म्हणजे सार्वजनिक मालमत्ता. मेहुणा नेतो, मित्र नेतो, लग्नाला चुलतभाऊ नेतो. तिकडे दुसऱ्याला गाडी द्यायची तर सरकारी प्रणालीवर त्याच्या नावे ‘तफवीद’, म्हणजे लेखी अधिकार, द्यावा लागतो. २०१०पासून ‘साहिर’ कॅमेरे आले. सिग्नल कुणीही तोडो, दंड मालकाच्या नावावर. आणि अपघातात माणूस गेला तर दियत. २०११मध्ये चुकून झालेल्या मृत्यूसाठी पुरुषाची दियत ३ लाख रियाल ठरली. आजच्या दराने साठ लाख रुपयांहून अधिक. वैध विमा असेल तर कंपनी भरते. चालवणाऱ्याकडे लायसन्स नसेल तर कंपनी ती रक्कम तुमच्याकडून वसूल करू शकते. दियतीअभावी तुरुंगात अडकलेल्या भारतीय ड्रायव्हरांसाठी मशिदीत चंदे होतात, ते आपण पाहिलेले आहेत. चंदा द्यावाच. पण विम्याचे चारशे-पाचशे रियाल वाचवणाऱ्याला आधीच कुणीतरी हटकायला हवे होते, हेही म्हणावे.

चुकून झालेल्या हत्येची भरपाई हा कुरआनातला विषय आहे, सूरह निसाच्या ९२व्या आयतीत तो येतो. म्हणजे ‘अल्लाहची मर्जी होती’ म्हणून मोकळे होण्याची परवानगी धर्मानेच ठेवलेली नाही. जीव गेला तर हिशेब द्यायचा आहे, हेतू नसला तरीही. ही गोष्ट आमच्या जुम्म्याच्या बयानात कधी येते का? माझ्या ऐकण्यात नाही.

बायकांच्या गाडी चालवण्याबद्दलही एक सांगतो. ‘सौदीतही बायका चालवत नाहीत’ हे वाक्य मी आमच्या घरात लहानपणापासून ऐकले. स्कूटी मागणाऱ्या मुलीला गप्प करायला ते पुरत असे. २४ जून २०१८ला सौदीतली बंदी उठली आणि परदेशी बायकांनाही लायसन्स मिळू लागले. माझ्या बायकोने रियाधमध्ये लायसन्स काढले आणि मुलांच्या शाळेसाठी ड्रायव्हरवर जाणारा पैसा वाचला. बंदी हा तिथल्या सरकारचा निर्णय होता, उठवणे हाही सरकारचाच. त्याला दीन समजून आपण आपल्या मुलींना किती वर्षे अडवले, याचा हिशेब कोण देणार?

आता घरचे. तिकडे फहसला घाबरणारा, सीटबेल्टशिवाय गाडी सुरू न करणारा माणूस शहागडच्या गोदावरी पुलावर येताच बदलतो. धुळे-सोलापूर महामार्गावर उलट्या दिशेने बाइक घालतो, मागे दोन पोरे, हेल्मेट कुणालाच नाही. हंगामात याच रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या मागच्या दिव्यांशिवाय धावतात. २०२२मध्ये देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली. आपल्याकडेही थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, नसेल तर पहिला दंड २ हजार रुपये. दंडाचे सोडा. विमा नसलेल्या बाइकने शेजारच्या वस्तीतला एखादा कर्ता माणूस गेला, तर त्याच्या लेकरांना भरपाई कुठून मिळणार? रियाधमध्ये परक्याच्या जिवाची किंमत कळते आणि गावी आल्यावर आपल्याच माणसाच्या जिवाची कळत नाही, याला कायद्याची भीती म्हणतात. अमानतीची जाणीव वेगळी असते, ती कॅमेरा नसतानाही राहते.

आणि एक शेवटचे, जे मला सर्वांत जास्त टोचते. जालन्याच्या स्टील कारखान्यांत उत्तर प्रदेश-बिहारचे मजूर आहेत. त्यांच्यातल्या कुणाची बाइक यूपीच्या नंबरची असते. मोटार वाहन कायद्याप्रमाणे दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त गाडी ठेवली तर नवी नोंदणी घ्यावी लागते. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी, इथला कर आणि तिथला कर परत मिळवण्याची खटपट. २०२१ला ‘बीएच’ मालिका आली, पण ती सरकारी नोकरांना आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना. भट्टीवरच्या मजुराला ती मिळत नाही. मग नाक्यावर त्याची गाडी आधी थांबते आणि चहाच्या टपरीवर आपण म्हणतो, ‘बाहेरच्यांनी गर्दी केली.’

हे वाक्य कुवेतमध्ये आपल्याबद्दलच बोलले जाते. ज्या घरातला मुलगा तिकडे बाहेरचा आहे, त्या घराने तरी इथल्या बाहेरच्याला एनओसीचा अर्ज भरायला मदत करावी. आमच्या मशिदीत, तालमीत, ग्रामपंचायतीत लिहिता-वाचता येणारी पोरे आहेत. महिन्यातून एक रविवार टेबल मांडून बसले, तर मजुरांचे अर्ज आणि गावातल्या गाड्यांचे संपलेले विमे, दोन्ही कामे एकाच ठिकाणी होतील. त्याला निधीही लागणार नाही.