टकाटक

"बाई, गाडी एकदम टकाटक करून देतो" हे वाक्य मी आजवर निदान चार गॅरेजांत ऐकलंय. आता घरातली पोरंही तेच म्हणायला लागली आहेत. "आजी, एकदा फुल बॉडी रंग मारून घे, चाकं सिल्व्हर कर, बघ कशी नवी दिसेल!" दिसेल ना. दिसण्याबद्दल माझं भांडणच नाही. खालच्या पत्र्याचं काय, एवढंच मी विचारते, आणि त्याचं उत्तर कुणी देत नाही.

आमची मारुती ८०० आहे १९९८ ची, पांढरी. गाव रत्नागिरी. म्हणजे बारा महिने खारी हवा आणि चार महिने पाऊस. इथे गंज आतून लागतो. दाराच्या तळाशी, चाकावरच्या कमानीच्या आतल्या कडेला, पायाखालच्या मॅटच्या खाली. बाहेर रंगाला छोटासा फोड दिसतो तेव्हा आतलं काम झालेलं असतं, वाळवी लागलेल्या चौकटीसारखं. आणि आपले कारागीर करतात काय? फोड वरवर घासतात, पुट्टी भरतात (घर रंगवणारे हिलाच लांबी म्हणतात), पॉलिश पेपर मारतात आणि वर चकचकीत रंग. पुट्टी गंज थांबवत नाही, उलट ओल धरून ठेवते. एक-दोन पावसाळे गेले की फोड परत हजर, आधीपेक्षा मोठा.

कारखान्यात गाडीचा सांगाडा अख्खा टाकीत बुडवतात, विजेच्या साहाय्याने प्रायमर सांध्यासांध्यांत, पोकळ भागांत पोचवतात आणि मग भट्टीत भाजतात. गल्लीतल्या फवाऱ्याला हे कधीच जमणार नाही. म्हणून जिथे मूळ रंग धड आहे तो फिका असला तरी खरवडून काढणं हा मला शुद्ध अडाणीपणा वाटतो. पांढरा रंग भुकटी सोडायला लागला तर हाताने हलकं पॉलिश करावं, तेही वर्षाकाठी एकदा. दर वेळी थोडा रंग निघूनच जातो, तो काही परत उगवत नाही.

यात फसवणूकही आहे, ती जास्त झोंबते. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी अशीच ताजी रंगवलेली जुनी गाडी हौसेने घेतली. पहिल्यांदा टायर पंक्चर झाला, जॅक लावला, तर गाडी वर जाण्याऐवजी जॅकच पत्र्यात घुसला! तिथे पत्रा नव्हताच, पुट्टी होती. विकणाऱ्याने हात वर केले. साधं लोहचुंबक खिशात ठेवलं असतं तरी कळलं असतं. जाड पुट्टीवर ते चिकटत नाही.

चाकांची तर बातच सोडा. टायर न काढता, त्यावर कालचं वर्तमानपत्र चिकटवून सिल्व्हर फवारायचा, झालं! टायर जिथे रिमला टेकतो तिथला गंज तसाच राहतो, आणि टायर ट्यूबलेस असेल तर तिथून हवा हळूहळू जाते. त्याहून वाईट म्हणजे नट बसतो त्या खाचेत रंगाचे थर साचतात. नट रंगावर आवळला जातो, पुढे रंग चिरडला की नट ढिला. म्हणून टायर उतरवायला लावावा, तारेच्या ब्रशने गंज काढून घ्यावा, झिंक प्रायमर, मग पातळ रंग, आणि नटाची जागा कोरी. पन्नासेक किलोमीटर चालवून नट पुन्हा तपासावेत. याला दिवस जातो, म्हणून कुणी आपणहून करत नाही.

"मग आरटीओत पास कशी होणार?" हा पुढचा प्रश्न. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण असतं, आणि १ एप्रिल २०२२ पासून त्याची फी सहाशेवरून पाच हजार झाली. २०२३ साली आमची पाळी होती तेव्हा एका एजंटाने सांगितलं, आधी रंग मारून आणा. मी त्याला विचारलं, ब्रेक बघणार की रंग? तो हसला. आम्ही ब्रेक नि दिवे नीट करून घेतले, रंग तसाच ठेवला. गाडी पास झाली.

गाडी विद्रूप ठेवा असं मी म्हणत नाही. सडलेला पत्रा कापा, नवा वेल्ड करा, आतून प्रायमर आणि मेण मारा, दाराखालची पाणी जायची भोकं मोकळी करा. मग खुशाल रंगवा. पण हे काम दिसत नाही ना! शेजारी विचारत नाहीत, फोटोत येत नाही.

येत्या मे महिन्यात डाव्या दाराचा तळ कापायचा आहे. रंग तेवढ्याच दाराला. बाकीच्या पांढऱ्याशी तो जुळणार नाही, हे मिस्त्रींनी मला तीनदा सांगितलंय. नातवानेही.