खुनाच्या आधीचे अकरा दिवस

प्रति,
मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. पालकमंत्री, बीड जिल्हा
मा. जिल्हाधिकारी आणि मा. पोलीस अधीक्षक, बीड



मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या खुनानंतर काय काय झालं, हे आता जिल्ह्यातल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. एसआयटी आली, सीआयडी आली, मकोका लागला, पोलीस अधीक्षक बदलले. निवृत्त न्यायमूर्ती ताहिलियानी यांच्याकडे न्यायालयीन चौकशी दिली. उज्ज्वल निकम विशेष सरकारी वकील झाले. खुनाची छायाचित्रं बाहेर आली आणि 4 मार्च 2025 ला धनंजय मुंडे यांचा मंत्रिपदाचा राजीनामाही झाला. हे सगळं 9 डिसेंबर 2024 नंतरचं. मला विचारायचं आहे ते त्या तारखेच्या आधीचं.

सीआयडीच्या आरोपपत्रानुसार पवनचक्की कंपनीकडे दोन कोटींची खंडणी मागितली गेली ती 29 नोव्हेंबरला, फोनवरून. 6 डिसेंबरला मस्साजोगात कंपनीच्या जागेवर माणसं आली, रखवालदाराला मारहाण झाली, सरपंच गावकऱ्यांना घेऊन मध्ये पडले. 9 डिसेंबरला दुपारी टोलनाक्याजवळून सरपंचांनाच उचललं आणि संध्याकाळी मृतदेह सापडला. खंडणीचा गुन्हा केज पोलीस ठाण्यात नोंदला गेला तो 11 डिसेंबरला. ज्या मागणीतून खून झाला असं तपास यंत्रणाच म्हणते, ती मागणी सरकारी कागदावर आली तेव्हा माणूस जाऊन दोन दिवस झाले होते.

दोषी कोण हे न्यायालय ठरवेल, त्यावर मी एक अक्षर लिहिणार नाही. पण 29 नोव्हेंबर ते 9 डिसेंबर हे अकरा दिवस कोणत्याही न्यायालयापुढे उभे राहत नाहीत. ते तुमच्याकडे आहेत, म्हणून हे पत्र तुम्हाला.

बीडचं नाव निघालं की पुण्या-मुंबईची मंडळी 'बीडचा बिहार' म्हणून मोकळी होतात. बिहारचाही अपमान आणि आमचाही. इथली माती काही वेगळी नाही, इथल्या पैशाची वाट वेगळी आहे. पाऊस बेभरवशाचा, कारखानदारी जेमतेम, दिवाळी झाली की लाखो माणसं कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. अशा जिल्ह्यात मोठा रोख पैसा फिरतो तो मोजक्या ठिकाणी: गोदावरी-सिंदफणेची वाळू, परळीच्या औष्णिक वीज केंद्राची राख, सरकारी कामांची बिलं, आणि अलीकडे पवनचक्क्या. यातल्या प्रत्येक धंद्यात माल रस्त्यानेच न्यावा लागतो आणि रस्ता अडवणारा 'आपला माणूस' लागतो. पवनचक्की उभी करायची तर जमिनीचा करार, कच्चा रस्ता, क्रेन, तारा, रखवालदार, सगळ्यालाच स्थानिक कंत्राट. मंत्रालयातली परवानगी कागदावर मिळते, गावातली परवानगी कोण देतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, फक्त ठाण्याच्या डायरीत नसतं. कंपन्याही काही धुतल्या तांदळाच्या नसतात. तक्रार करून काम बंद पाडून घेण्यापेक्षा देऊन टाकणं त्यांना स्वस्त पडतं. पैसे कंपनी देते आणि धाक गावाला बसतो.

आता तुमच्या हातात काय होतं आणि आहे ते पाहू. ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्येच सांगितलं की दखलपात्र गुन्ह्याची माहिती आली तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात, अगदी ऑनलाइनसुद्धा, माहिती देता येते, तीन दिवसांत येऊन सही केली की झालं. म्हणजे केजच्या माणसाला केजच्या ठाण्यात जायची भीती वाटत असेल तर त्याने लातूरला जाऊन तक्रार द्यावी, अशी सोय कायद्याने केली आहे. जिल्ह्यातल्या किती ग्रामपंचायतींच्या भिंतीवर हे लिहिलेलं आहे? मला एकही दिसली नाही. 'मोबाईल क्रमांकावर संपर्क साधा' एवढी पाटी पुरत नाही. ज्याच्याकडून खंडणी मागितली जाते तो आधी हे बघतो की फोन उचलणारा कोणाचा आहे.

प्रतिबंधक कारवाई आम्ही करतोच, असं ठाणेदार म्हणतील. आकडेही दाखवतील. चॅप्टर केस होतात, निवडणुकीच्या तोंडावर गठ्ठ्याने होतात. बंधपत्र घेतलं, फाईल बंद. बंधपत्र मोडलं म्हणून कुणाकडून रक्कम वसूल झाल्याचं मात्र क्वचितच ऐकू येतं. तडीपारीचं तर विचारूच नका. बीडचा तडीपार शेजारच्या जिल्ह्यात जाऊन बसतो, तिकडचा आपल्याकडे येतो, आणि मोबाईलवरून दोघांचाही कारभार जागच्या जागी सुरू राहतो. 6 डिसेंबरची मारहाण हा सरकारी भाषेत किरकोळ गुन्हा होता. मारहाण करणारे लगेच मोकळे झाले. या किरकोळ गुन्ह्यामागे वसुली आहे का, हा एक प्रश्न त्या संध्याकाळी कुणी अधिकाऱ्याने विचारला असता तर पुढचे तीन दिवस वेगळे गेले असते. पुढे एक फौजदार निलंबित झाला, निरीक्षकाला सक्तीच्या रजेवर पाठवलं. ते योग्यच. पण ठाण्याचा कारभारी कोण असावा हे ठरवण्याची रीत तीच राहिली तर नवा माणूसही जुन्यासारखाच वागेल. प्रकाश सिंह खटल्यात 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने तपास आणि बंदोबस्त वेगळे करा, ठाणेदाराला किमान दोन वर्षं हलवू नका, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमा, असं बजावलं. महाराष्ट्राने 2014 मध्ये कायद्यात दुरुस्तीही केली. तरी केज-परळीच्या माणसाला हे प्राधिकरण कुठे बसतं हे सांगता येत नाही. ठाणेदार कोणाच्या शिफारशीने आला हे मात्र चहाच्या टपरीवर कळतं.

पोलिसांच्या छातीवरच्या पाटीवरून आडनाव काढून फक्त नाव ठेवायचा निर्णय अधीक्षक नवनीत काँवत यांनी घेतला. बाहेरच्यांनी त्याची चेष्टा केली, मी करणार नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये आरक्षणाच्या आंदोलनात इथे आमदारांची घरं जळाली, त्यानंतर माणूस ठाण्यात शिरताना आधी टेबलावरचं आडनाव वाचायला लागला होता. आडनाव झाकल्याने पक्षपात जात नाही, पण फिर्यादीची पहिली पावलं तरी हलकी होतात.

शस्त्रांचा विषय याहून गंभीर. या जिल्ह्यात हजाराहून जास्त शस्त्रपरवाने होते. खुनानंतर त्यातले शंभराहून जास्त रद्द झाले. जे परवाने एका खुनानंतर काही आठवड्यांत रद्द करता येतात, ते दिले कुणी आणि पोलिसांचा चौकशी अहवाल काय होता? मिरवणुकीत हवेत गोळ्या झाडणं हा 2019 च्या दुरुस्तीनंतर तुरुंगवासाचा गुन्हा आहे. तरी पिस्तूल हातात घेतलेल्या रील्स आमची विशीतली पोरं बघतात आणि त्यातल्या काहींना पुढचं आयुष्य तेच वाटतं. कोलंबियातल्या काली शहरात रॉड्रिगो ग्वेरेरो नावाचे साथरोगतज्ज्ञ डॉक्टर 1992 मध्ये महापौर झाले. खून कुठे, कधी, कशाने होतात याची त्यांनी रोगाच्या साथीसारखी नोंद ठेवली. पगाराचे शनिवार-रविवार आणि सणाच्या रात्री हत्यार बाळगायला बंदी घातली. बंदीच्या दिवसांत खून घटले, असं अभ्यासातून पुढे आलं. आपल्याकडे अशी नोंद ठेवायला महापौरही लागत नाही. प्रत्येक ठाण्याची एफआयआर ऑनलाइन आहेच.

घरचं उदाहरण हवं असेल तर भिवंडी घ्या. 1984 मध्ये भीषण दंगल झालेल्या त्या शहरात पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी 1988 पासून मोहल्ला समित्या बांधल्या. ठाण्यातला हवालदार आणि गल्लीतला माणूस समोरासमोर बसू लागले. 1992-93 मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. खेड्यांसाठी आर. आर. पाटलांनी 2007 मध्ये महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम आणली. बांधाचे, भावकीचे तंटे त्यातून मिटले. पण गावात तंटा करणारा बाहेरून हत्यार घेऊन येतो तेव्हा तंटामुक्ती समिती काय करणार? तिथे मध्ये पडणाऱ्याच्या मागे सरकार उभं लागतं. मस्साजोगच्या सरपंचांनी तंटामुक्तीचंच काम केलं होतं आणि त्यांच्या मागे कुणी नव्हतं.

म्हणून साक्षीदारांचा प्रश्न मला सगळ्यात मोठा वाटतो. महाराष्ट्राचा साक्षीदार संरक्षण कायदा 2017 चा. सर्वोच्च न्यायालयाची योजना 2018 ची. नव्या संहितेच्या कलम 398 ने प्रत्येक राज्याला अशी योजना करणं बंधनकारक केलं. एवढं सगळं असूनही साक्षीदार गावातल्या त्याच गल्लीत राहतो, त्याच पाणंदीने शेतात जातो आणि समोरच्या घरातून त्याच्यावर नजर असते. एखादा शिपाई काही महिने दारात बसवणं याला संरक्षण म्हणत असाल तर कोणी साक्षीला येणार नाही, मग आरोपपत्र कितीही पानांचं असो.

मागण्या मोजक्याच आहेत. ताहिलियानी समितीचा अहवाल आणि त्यावरची कृती विधानमंडळापुढे ठेवा, 1952 चा चौकशी आयोग कायदाही अहवाल आल्यापासून सहा महिन्यांत तो ठेवायला सांगतो. पवनचक्क्या, वाळू आणि राखेच्या वाहतुकीची कंत्राटं कुणाची आहेत याची तालुकावार यादी जिल्हाधिकारी कार्यालयाने जाहीर करावी. खंडणीच्या तक्रारी स्थानिक ठाण्याऐवजी थेट अधीक्षकांच्या देखरेखीखाली नोंदवाव्यात. आणि दर महिन्याच्या 5 तारखेला प्रत्येक ठाण्याचा एक साधा तक्ता लावा: खंडणी आणि धमकीची तक्रार कोणत्या दिवशी आली, एफआयआर कोणत्या दिवशी झाली, मधले दिवस किती. पहिला तक्ता केज ठाण्याचा लावा.

आपला,
बीड जिल्ह्यातील एक मतदार