विश्लेषण : मोबाइलवरच्या ‘पालघर’मध्ये खरे किती, अफवा किती?

सकाळची डहाणू-चर्चगेट लोकल बोईसरहून सुटेपर्यंत डब्यातल्या निम्म्या प्रवाशांच्या मोबाइलवर दिवसाचा रतीब येऊन पडलेला असतो. कुठे एका जाळ्यात कोटीची मासळी लागली, कुठे रात्री मोठा आवाज झाला, कुठे ‘आज रात्री अमुक वाजता भूकंप’, तर कुठे ‘मुले पळवणारी टोळी आली आहे, सावध राहा’. यातले काही खरे असते, काही अर्धेच खरे असते आणि काही निखालस खोटे. पालघर जिल्ह्याने या तिन्ही प्रकारांची किंमत मोजली आहे. एका ‘लाइक’साठी झालेली अटक इथलीच आणि एका अफवेने घेतलेले तीन बळीही इथलेच. म्हणून या जिल्ह्यात ‘आलेला मेसेज खरा की खोटा’ हा प्रश्न केवळ करमणुकीचा राहत नाही.

एका जाळ्यात १ कोटी ३३ लाखांची मासळी, ही बातमी खरी होती का?

होती. पावसाळ्यातील मासेमारी बंदी उठल्यानंतर, ऑगस्ट २०२१ अखेरीस मुरबे गावच्या एका बोटीला वाढवणच्या दिशेच्या खोल समुद्रात एकाच खेपेत १५७ घोळ मासे लागले. लिलावात त्यांना सुमारे १ कोटी ३३ लाख रुपये मिळाले. जाळे वर ओढतानाची चित्रफीत देशभर फिरली आणि ‘मच्छीमार रातोरात करोडपती’ असा मथळा तिला चिकटला. घटना खरी, मथळा मात्र अर्धा खरा. मासेमारीच्या धंद्यात लिलावाची रक्कम म्हणजे नफा नव्हे. त्यातून डिझेल, बर्फ, जाळ्यांची दुरुस्ती, बोटीच्या कर्जाचा हप्ता जातो, खलाशांचा वाटा जातो. शिवाय एका बोटीला एकदा लागलेली लॉटरी म्हणजे किनाऱ्याची भरभराट, असाही अर्थ होत नाही.

घोळ एवढा महाग का?

भाव त्याच्या मांसापेक्षा पोटातल्या पिशवीला असतो. पाण्यात तरंगण्यासाठी माशाच्या शरीरात हवेची पिशवी असते. कोळी बांधव तिला ‘बोत’ म्हणतात. ती वाळवून हाँगकाँग, सिंगापूर, मलेशियासारख्या बाजारांत जाते. चिनी खाद्यसंस्कृतीत आणि पारंपरिक औषधांत तिला मोठे मोल आहे. माशांच्या अशा पिशवीपासून मिळणारा चिकट पदार्थ बिअर आणि वाइन नितळ करण्यासाठीही वापरला जात आला आहे. नराच्या बोताला मादीपेक्षा जास्त भाव मिळतो, त्यामुळे लिलावात मासा हातात घेऊन पारखला जातो. गुजरातने २०२३ मध्ये घोळला राज्य मासा घोषित केले. महाराष्ट्राने त्याच वर्षी तो मान पापलेटला दिला. सातपाटीच्या कोळ्यांची ओळखच पापलेटशी जोडलेली आहे.

मोबाइलवर फिरलेल्या चित्रफितीत नसलेली गोष्ट वेगळीच आहे. ज्या वाढवणच्या दिशेला हे मासे सापडले, त्याच किनाऱ्यावर सुमारे ७६ हजार कोटी रुपयांचे बंदर उभे राहत आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधानांनी पालघरमध्ये त्याची पायाभरणी केली. बंदरामुळे रोजगार आणि व्यापार वाढेल, असे सरकार सांगते. मासेमारीचे क्षेत्र आणि माशांची पैदास होणारे पट्टे संकटात येतील, असे मच्छीमार संघटना सांगतात. १५७ माशांची बातमी कोट्यवधी लोकांनी पाहिली. त्या माशांच्या घराचे पुढे काय होणार, हा प्रश्न मात्र फारसा कुणी फॉरवर्ड केला नाही.

बोईसरमध्ये मोठा आवाज झाला की इतकी घबराट का उडते?

कारण इथे त्या आवाजाचे तीन अर्थ असू शकतात. पहिला, तारापूर औद्योगिक वसाहतीतला स्फोट. मार्च २०१८ आणि जानेवारी २०२० मध्ये इथल्या रासायनिक कारखान्यांत झालेल्या भीषण स्फोटांत कामगारांचे जीव गेले आणि आवाज कित्येक किलोमीटरपर्यंत ऐकू गेला. दुसरा, भूकंप. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी पट्ट्यात धुंदलवाडीच्या आसपास लहान-मोठ्या धक्क्यांची मालिकाच सुरू झाली आणि १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. त्या दिवशी घाबरून घराबाहेर धावताना पडलेल्या एका चिमुरडीचा मृत्यू झाला. आणि तिसरा अर्थ मनातला, अणुऊर्जा केंद्राचा. तारापूरचे केंद्र १९६९ मध्ये सुरू झालेले, देशातले पहिले. त्यामुळे कोणताही आवाज झाला की ‘प्लांटमध्ये काही झाले का?’ ही शंका पहिल्या पाच मिनिटांत व्हॉट्सअॅपवर येते.

भूकंप आणि स्फोट यांत गल्लत होणे हा लोकांचा अडाणीपणा नाही. पालघरचे धक्के जमिनीच्या फार खोलात होत नाहीत. उथळ भूकंपात हादऱ्याआधी किंवा हादऱ्यासोबत तोफेसारखा गडगडाट ऐकू येतो. उलट मोठ्या स्फोटाने खिडक्यांची तावदाने थरथरतात, ती भूकंपासारखीच. फरक यंत्रालाच कळतो. म्हणूनच या पट्ट्यात राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था आणि राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राने भूकंपमापक बसवले. धक्क्याची तीव्रता, खोली आणि ठिकाण हे केंद्र स्वतःच्या संकेतस्थळावर आणि अॅपवर जाहीर करते. तिथे नोंद नसेल, तर आवाजाचे कारण दुसरीकडे शोधायला हवे.

‘आज रात्री मोठा भूकंप’ असा संदेश कधी खरा असू शकतो का?

नाही. जगातल्या कोणत्याही संस्थेकडे भूकंपाचा दिवस, वेळ आणि ठिकाण आधी सांगण्याची पद्धत नाही. संदेशात ‘नासा’चे नाव असो, जपानचे असो की जिल्हाधिकाऱ्यांचे, वेळ सांगितलेली असेल तर तो खोटा, एवढी एकच खूणगाठ पुरेशी आहे. शास्त्रज्ञ सांगू शकतात ते एवढेच, की अमुक पट्ट्यात धक्के बसत राहण्याची शक्यता आहे आणि घरे कशी बांधावीत. तीव्रतेच्या आकड्यातही फसगत होते. तीवरून चारवर जाणे म्हणजे एका पायरीची वाढ वाटते. प्रत्यक्षात बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट असते. त्यामुळे ‘३.१’ला ‘४.१’ करून पुढे पाठवणे ही किरकोळ चूक नव्हे.

आणि नुकसान फक्त धक्क्याने होत नाही. खोट्या वेळेच्या धास्तीने थंडीत, पावसात लहान मुलांना घेऊन उघड्यावर रात्र काढावी लागते ती अफवेमुळेच. ज्याचे घर कुडाचे किंवा कच्च्या विटांचे आहे, त्याला ‘घाबरू नका’ एवढे सांगून भागत नाही. तंबू, घरदुरुस्तीची मदत आणि विश्वासाची माहिती एकाच वेळी पोचावी लागते.

गडचिंचलेत नेमके काय झाले होते?

१६ एप्रिल २०२० ची रात्र. देशभर टाळेबंदी होती. दोन साधू आणि त्यांचा चालक कांदिवलीहून सुरतला अंत्यविधीसाठी निघाले होते. दादरा-नगर हवेलीच्या सीमेजवळ, डहाणू तालुक्यातील गडचिंचले इथे त्यांची गाडी अडवली गेली. मुले पळवणारे, किडनी काढणारे लोक रात्री फिरत आहेत, अशी अफवा त्या परिसरात आधीपासून पसरली होती. दोनच दिवस आधी त्याच भागात मदत वाटून परतणाऱ्या एका डॉक्टरांच्या आणि पोलिसांच्या गाड्यांवर जमावाने हल्ला केला होता. ती धोक्याची घंटा होती. ती ऐकली गेली नाही. गडचिंचलेत पोलीस पोचल्यानंतरही जमावाने तिघांना ठार मारले. शंभरावर लोकांना अटक झाली.

घटनेला तीन दिवस होतात न होतात तोच दुसरी अफवा निघाली. हत्येच्या चित्रफितीत कुणीतरी ‘ओय बस’ असे ओरडतो. ते ‘शोएब’ असे ऐकवून या घटनेला धार्मिक रंग देण्यात आला. तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक झालेल्यांची यादी जाहीर करून त्यात एकही मुस्लीम नाही, असे सांगावे लागले. एका अफवेने तीन जीव घेतले आणि त्यांच्या मृत्यूवर उभ्या राहिलेल्या दुसऱ्या अफवेने देशात तेढ वाढवण्याचा प्रयत्न केला.

ही अफवा पालघरपुरती होती का?

नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा इथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारे समजून ठेचून मारले गेले. त्या काळात देशभर फिरलेल्या एका चित्रफितीत दुचाकीवरून आलेले दोघे मूल उचलून नेताना दिसत. ती मुळात कराचीत पालकांच्या जागृतीसाठी बनवलेली होती. तिच्या शेवटी ते मूल परत आणून सोडले जाते आणि पालकांना सूचना देणारी पाटी दिसते. फॉरवर्ड करणाऱ्या कुणीतरी नेमका तो शेवट कापला होता.

राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली. सर्वोच्च न्यायालयानेही जुलै २०१८ मध्ये झुंडबळी रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात वरिष्ठ पोलीस अधिकारी नेमण्यासह अनेक निर्देश दिले. एप्रिल २०२० मध्ये, गडचिंचलेच्या जेमतेम दहा दिवस आधी, अनेकदा फॉरवर्ड झालेले संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतील, असा बदल व्हॉट्सअॅपने केला. तरी गडचिंचले घडले. कारण अफवा मोबाइलपुरती राहत नाही. एकाच्या फोनवर आलेली गोष्ट पाड्यावर तोंडी पोचते आणि तिथे तिच्यावर ‘फॉरवर्डेड’ असा शिक्का नसतो.

मग अफवांवर कडक कायदा हाच उपाय नाही का?

या प्रश्नाचे उत्तरही पालघरनेच देशाला दिले आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, त्याबद्दल पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न विचारला. तिच्या मैत्रिणीने तो ‘लाइक’ केला. दोघींना अटक झाली. त्यांच्यापैकी एकीच्या काकांच्या रुग्णालयाची मोडतोड झाली. पुढे दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले आणि खटलाही टिकला नाही. या अटकेनंतर श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ‘६६ अ’ हे कलम घटनाबाह्य ठरवले. ‘त्रासदायक’, ‘गैरसोयीचे’ अशा मोघम शब्दांवर तीन वर्षांपर्यंतचा तुरुंगवास देणारे ते कलम होते. गंमत अशी, की रद्द झाल्यानंतरही अनेक ठिकाणी पोलीस ते लावतच राहिले. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला.

याचा अर्थ अफवा पसरवणाऱ्याला मोकळे रान आहे, असा नाही. तेढ किंवा घबराट निर्माण करण्यासाठी खोटी माहिती पसरवणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ खाली गुन्हा आहे. पण सरकारनेच स्वतःबद्दलचे खरे-खोटे ठरवावे, ही केंद्राची ‘फॅक्ट चेक युनिट’ची तरतूद मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्दबातल ठरवली.

पालघरच्या दोन प्रकरणांतून काय दिसते?

२०१२ मध्ये शासनयंत्रणा जिथे नको तिथे तत्परतेने धावली. २०२० मध्ये जिथे हवी होती, तिथे दोन दिवस आधीच्या इशाऱ्यानंतरही पुरेशी धावली नाही. पहिल्या प्रकरणात एका तरुणीचे मत होते, दुसऱ्यात जीवघेणे खोटे होते. या दोहोंतला फरक ओळखणे हेच काम आहे. अफवेला उतारा अटकेचा नसतो, तिच्याआधी पोचणाऱ्या खऱ्या माहितीचा असतो. स्फोट झाला तर पहिल्या अर्ध्या तासात काय फुटले, वायू कोणता, कुणी घरात थांबायचे, हे मराठीत आणि कामगारांना कळेल अशा हिंदीत सांगितले गेले पाहिजे. भूकंप झाला तर आकडा तहसील कार्यालयापर्यंत येऊन थांबता कामा नये. तो वारली, कातकरी, कोकणा पाड्यांवर पोलीस पाटील, आशा ताई आणि शाळेतल्या गुरुजींच्या तोंडून त्यांच्या बोलीत पोचला पाहिजे. यंत्रणा गप्प राहिली की ती जागा ग्रुपवरचा कुणी अनोळखी भरून काढतो.

आलेला मेसेज पुढे पाठवण्याआधी काय पाहावे?

तारीख, ठिकाण आणि कुणी सांगितले, या तीन गोष्टी नसतील तर संदेश तिथेच थांबवावा. दोन बाण दिसत असतील तर तो अनेक हातांतून आला आहे, पाठवणाऱ्याने काही पाहिलेले नाही, असे समजावे. चित्रफीत अचानक संपत असेल तर शेवट कापला आहे का, याची शंका घ्यावी. गावात अनोळखी माणूस दिसला तर फोटो ग्रुपवर टाकू नये. ११२ वर फोन करावा. आपत्तीची खातरजमा करायची असेल तर जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक आहे.

घोळ माशाची चित्रफीत पुढे पाठवल्याने कुणाचे काही बिघडत नाही. पण त्याच बोटाने, त्याच सवयीने दुसरा संदेश पुढे जातो आणि तो कुठल्या पाड्यावर, कुठल्या रात्री पोचेल हे पाठवणाऱ्याला कधीच कळत नाही. गडचिंचलेच्या रस्त्यावर थांबलेल्या त्या तिघांनाही ते कळले नव्हते.